चिठ्ठी, ध्वनिफीत आणि मेमरी कार्ड : क्षेत्रकार्यातील नोंदसाधनाच्या निवडीचा इतिहास

१

क्षेत्रकार्यास निघणाऱ्या भाषाभ्यासकाच्या सामानात आज डिजिटल कॅमेरा, ध्वनिमुद्रक आणि या दोहोंत बसणारी, टपालाच्या तिकिटाएवढी दोन-चार मेमरी कार्डे असतात. प्रश्नावलीवर आठवडेच्या आठवडे विचार होतो, कॅमेऱ्याची निवडही चर्चेअंती ठरते. कार्ड मात्र बहुधा निघण्याच्या आदल्या दिवशी दुकानदार देईल ते घेतले जाते. ही किरकोळ खरेदी होय, तिचा संशोधनपद्धतीशी संबंध नाही, असा समज यामागे असतो. नोंदसाधनांचा इतिहास पाहता हा समज टिकत नाही. कोणत्या साधनावर नोंद करावयाची हे ज्या क्षणी ठरते, त्या क्षणी कोणता पुरावा उरणार आणि कोणता नाहीसा होणार हेही बव्हंशी ठरून जाते. या विधानाची साक्ष पुण्यात, विशेषतः येरवड्याच्या परिसरात, जितकी स्पष्ट मिळते तितकी अन्यत्र क्वचितच मिळेल.

१८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात स्थापन झालेली पाठशाळा पुढे डेक्कन कॉलेज या नावाने ओळखली जाऊ लागली आणि १८६८ मध्ये येरवड्याच्या माळावरील नव्या इमारतीत आली. १९३४ मध्ये बंद पडलेले हे महाविद्यालय १९३९ मध्ये पदव्युत्तर संशोधनसंस्था म्हणून पुन्हा सुरू झाले. डॉ. सु. मं. कत्रे यांच्या योजनेनुसार १९४८ मध्ये येथे ऐतिहासिक तत्त्वांवरील संस्कृत महाकोशाचे काम हाती घेण्यात आले. त्यासाठी सुमारे १,५०० ग्रंथांतून शब्द टिपले गेले आणि चिठ्ठ्यांची संख्या एक कोटीच्या घरात गेली. कोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे नोंद करणे आणि तिचा उपयोग होणे यांत अठ्ठावीस वर्षांचे अंतर पडले. इतक्या काळानंतरही ती चिठ्ठी खणातून काढून वाचता आली, कारण ती वाचण्यास डोळ्यांखेरीज दुसरे यंत्र लागत नव्हते. साधनाच्या निवडीचा विचार करताना हे अंतर ध्यानात ठेवणे अवश्य आहे. संशोधनातील नोंद ही उद्याच्या उपयोगासाठी नसते. ती कित्येकदा पुढच्या पिढीच्या उपयोगासाठी असते.

२

कागदाच्या चिठ्ठीवर ग्रंथातील शब्द नि:संदिग्धपणे उतरतो, उच्चार मात्र तसा उतरत नाही. लिपीत उतरलेला ध्वनी हा ऐकणाऱ्याने केलेला निर्णय असतो. तो निर्णय योग्य होता की नाही, हे पुढच्या अभ्यासकाला केवळ लेखनावरून तपासता येत नाही. ही उणीव जॉर्ज ग्रिअर्सन यांना जाणवली होती. त्यांच्या भारतीय भाषासर्वेक्षणाचा मराठीवरील सातवा खंड १९०५ मध्ये निघाला. त्यात निरनिराळ्या बोलींचे नमुने बायबलातील उधळ्या पुत्राच्या दृष्टान्ताच्या रूपाने दिले आहेत. पुढे १९१३ ते १९२९ या काळात सर्वेक्षणास जोड म्हणून ग्रामोफोनच्या तबकड्यांवर अनेक भाषांचे आवाज मुद्रित करण्यात आले. त्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचेच बोलणे मावत असे. साहजिकच पाठ केलेला दृष्टान्त, एखादे गीत वा छोटी गोष्ट एवढेच तीवर येऊ शकले. दोन माणसांचे सहज संभाषण, बोलताना अडखळणे, वाक्य अर्धवट सोडून दुसरे उचलणे या गोष्टी, ज्यांना आज वाक्यविचारात मोठे महत्त्व आहे, त्या तीन मिनिटांत बसणाऱ्या नव्हत्या. येथे साधनाच्या धारकतेने पुराव्याचे स्वरूपच ठरविले.

स्वातंत्र्योत्तर काळात डॉ. अ. म. घाटगे यांनी मराठीच्या बोलींच्या सर्वेक्षणाची जी पुस्तके सिद्ध केली, त्यांत दक्षिण कानडातील कोकणी (१९६३), कुडाळी (१९६५), कासरगोडची मराठी (१९७०) इत्यादींचा समावेश आहे. व्याकरण, संहिता आणि शब्दसंग्रह असा त्यांचा आराखडा असून त्यांचे मोल आजही कमी झालेले नाही. तथापि मुद्रित पुस्तक स्वराघात, लय आणि स्वरांचे सूक्ष्म रंग फारसे पोचवू शकत नाही, ही त्या माध्यमाचीच मर्यादा होय.

बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोदच्या परिसरात बोलल्या जाणाऱ्या निहाली भाषेच्या बाबतीत ही मर्यादा विशेष तीव्रतेने जाणवते. ग्रिअर्सन यांच्या सर्वेक्षणाच्या चौथ्या खंडात (१९०६) तिची गणना मुंडा भाषांत करण्यात आली होती. सुधिभूषण भट्टाचार्य यांच्या क्षेत्रटिपणी १९५७ मध्ये प्रसिद्ध झाल्या आणि त्यांच्या आधारे एफ. बी. जे. कायपर यांनी १९६२ मध्ये तिचा तौलनिक अभ्यास केला. आज ती कोणत्याही ज्ञात भाषाकुलाशी नाते सिद्ध न झालेली भाषा मानली जाते आणि तिचे भाषक दोन-अडीच हजारांच्या आसपास आहेत. काही दशके या भाषेच्या कुलाविषयीची चर्चा हाताने केलेल्या थोड्या टिपणांवर चालली. डेक्कन कॉलेजच्या भाषाशास्त्र विभागातून अलीकडे तिचे जे दस्तऐवजीकरण झाले, त्यात ध्वनी आणि चित्र यांना स्थान मिळाले. तसेच राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने झालेल्या मराठीच्या बोलींच्या सर्वेक्षणात महाराष्ट्राच्या गावोगावी भाषकांचे डिजिटल ध्वनिमुद्रण करण्यात आले. चिठ्ठीपासून कार्डापर्यंतचा हा प्रवास एकाच संस्थेच्या आवारात घडलेला आहे.

३

तबकडी आणि कार्ड यांच्या दरम्यान चुंबकीय फितीचा काळ येतो. १९६३ मध्ये फिलिप्स कंपनीने आणलेल्या छोट्या कॅसेटमुळे ध्वनिमुद्रण स्वस्त आणि सुवाह्य झाले. मिनिटांची मर्यादा गेली. परंतु दमट हवेत फितीवर बुरशी धरते, तिचा लेप सुटतो आणि प्रत्येक प्रतीगणिक खरखर वाढते. १९९२ मध्ये सोनी कंपनीची मिनीडिस्क आली. तीत जागा वाचविण्यासाठी कानाला सहसा न जाणवणारा भाग गाळून उरलेला तेवढा नोंदविला जाई. संगीत ऐकणाऱ्याचे त्यावाचून अडत नाही. ध्वनिशास्त्रज्ञाला मात्र स्पर्शव्यंजनाचा स्फोट, महाप्राणाचा श्वास, अनुनासिकाची छटा यांची मापे घ्यावयाची असतात आणि जे गाळले गेले ते परत मिळत नाही. साधन लहान म्हणून पुरावा आखडता घेणे, ही ग्रिअर्सनकालीन तबकडीचीच अडचण येथे निराळ्या रूपाने पुढे आली.

डिजिटल कॅमेऱ्याचा आरंभही फितीशीच निगडित आहे. १९७५ मध्ये कोडॅक कंपनीत स्टीव्ह सॅसन यांनी बनविलेला पहिला नमुना साध्या कॅसेटवर चित्र नोंदवीत असे आणि एका चित्रास २३ सेकंद लागत. १९८८ मध्ये फुजी कंपनीने दाखविलेल्या कॅमेऱ्यात काढघाल करता येईल असे कार्ड होते. परंतु त्यातील स्मृती टिकविण्यासाठी विजेरी लागे. विजेशिवाय टिकणारी स्मृती सिद्ध झाली ती तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांच्या संशोधनातून. तिचा पहिला प्रकार १९८४ मध्ये आणि आज कार्डांत वापरला जाणारा ‘नँड’ हा प्रकार १९८७ मध्ये विद्वानांपुढे मांडण्यात आला. या स्मृतीचा मोठा भाग एका झटक्यात पुसता येतो. ते पाहून एका सहकाऱ्यास कॅमेऱ्याच्या झगमगाटाची आठवण झाली आणि त्यावरून तिला ‘फ्लॅश’ हे नाव मिळाले, असे सांगितले जाते. म्हणजे नाव पडले ते नोंदविण्याच्या गुणावरून नव्हे, तर पुसण्याच्या गुणावरून. कार्डाच्या स्वभावाचा विचार करताना ही गोष्ट अर्थपूर्ण ठरते.

यानंतर कार्डांचे अनेक प्रकार आले. सॅनडिस्कचे कॉम्पॅक्टफ्लॅश १९९४ मध्ये, तोशिबाचे स्मार्टमीडिया १९९५ मध्ये, सोनीची मेमरी स्टिक १९९८ मध्ये आणि ऑलिंपस व फुजी यांचे एक्सडी-पिक्चर कार्ड २००२ मध्ये. मध्यंतरी १९९७ मध्ये सोनीने फ्लॉपीवर चित्रे नोंदविणारा कॅमेराही काढला होता. १९९९ मध्ये मात्सुशिता, सॅनडिस्क आणि तोशिबा यांनी एकत्र येऊन एसडी कार्ड जाहीर केले आणि पुढील वर्षी त्याच्या प्रमाणांची देखरेख करणारा संघ स्थापन केला. या स्पर्धेत टिकाव लागला तो एसडीचा. स्मार्टमीडिया आणि एक्सडी ही कार्डे आज प्रचारात नाहीत. ती वाचणारी यंत्रेही शोधावी लागतात. ज्या कार्डाचे प्रमाण एक-दोन कंपन्यांच्या कॅमेऱ्यांपुरते मर्यादित राहिले, ते त्या कॅमेऱ्यांबरोबर मागे पडले. ज्याचे प्रमाण अनेकांनी स्वीकारले, ते टिकले. यावरून निवडीचा पहिला निकष हाती येतो : कार्ड वाचू शकणारी यंत्रे किती व्यापक प्रमाणावर उपलब्ध आहेत, हे आधी पाहावे आणि इतर गुण मागाहून.

४

एसडी कार्डाच्या नावातच त्याच्या पिढ्यांचा इतिहास आहे. मूळ एसडी कार्डाची मर्यादा २ गिगाबाइट. २००६ चे एसडीएचसी ३२ गिगाबाइटपर्यंत. २००९ चे एसडीएक्ससी २ टेराबाइटपर्यंत. आणि २०१८ चे एसडीयूसी १२८ टेराबाइटपर्यंत. नवे यंत्र सामान्यतः जुने कार्ड वाचते, परंतु जुने यंत्र नवे कार्ड वाचीलच असे नाही. विभागाच्या कपाटातील जुना कॅमेरा घेऊन निघालेल्या विद्यार्थ्याने ६४ गिगाबाइटचे कार्ड बरोबर घेतले आणि कॅमेरा केवळ एसडीएचसीपर्यंतचाच असला, तर तो दोष गावात पोचल्यावर कळून उपयोग नाही. यास्तव कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेत दिलेली मर्यादा पाहणे ही पहिली पायरी होय.

धारकता किती हवी हे अंदाजाने नव्हे, गणिताने ठरवावे. सेकंदास ४८,००० नमुने, प्रत्येकी २४ बिट आणि दोन वाहिन्या या प्रमाणाने न गाळता केलेल्या ध्वनिमुद्रणास सेकंदाला २,८८,००० बाइट, म्हणजे तासाला साधारण १.०४ गिगाबाइट लागतात. दहा दिवस, रोज तीन तास मुद्रण केले तरी ३१-३२ गिगाबाइटमध्ये काम भागते. तेव्हा जागा वाचविण्यासाठी ध्वनी गाळून नोंदविण्याचे आज काहीच कारण उरलेले नाही. चलच्चित्राची गोष्ट वेगळी आहे. सेकंदाला ५० मेगाबिट या प्रमाणाने तासाला २२.५ गिगाबाइट लागतात; तेच तीस तास ६७५ गिगाबाइट होतात. स्थिर चित्रांपैकी २४ मेगापिक्सेलचे असंस्कारित चित्र साधारण २५ ते ३० मेगाबाइटचे असते. ३२ गिगाबाइटच्या कार्डावर अशी हजाराच्या आसपास चित्रे मावतात. ३२ गिगाबाइटचे कार्ड संगणकावर २९.८ दिसते, त्याचे कारण उत्पादक दशमान आणि संगणक द्विमान पद्धतीने मोजतो. ती फसवणूक नव्हे.

वेगाच्या बाबतीत गोंधळ अधिक होतो. वेष्टनावर ठळक छापलेला आकडा बहुधा वाचनाचा, आणि तोही कमाल वेग असतो. कॅमेऱ्याला हवा असतो तो लेखनाचा, आणि तोही सतत टिकणारा किमान वेग. तो दर्शविण्यासाठी कार्डावर निराळी चिन्हे असतात. वर्तुळातील १० हा अंक किंवा व्ही १० म्हणजे सेकंदाला किमान १० मेगाबाइट. यू अक्षरातील ३ किंवा व्ही ३० म्हणजे ३०. आणि पुढे व्ही ६० व व्ही ९०. कॅमेरा मेगाबिटांत बोलतो आणि कार्ड मेगाबाइटांत. आठ बिटांचा एक बाइट होतो, हे विसरू नये. सेकंदाला ५० मेगाबिट म्हणजे ६.२५ मेगाबाइट, त्यास व्ही १० पुरते. १०० मेगाबिट म्हणजे १२.५ मेगाबाइट, त्यास व्ही ३० घ्यावे. कार्ड मंद असेल तर चित्रण मध्येच थांबते, आणि ते थांबल्याचे भाषकाकडे लक्ष देणाऱ्या अभ्यासकास पुष्कळदा उशिरा कळते. उलटपक्षी केवळ ध्वनी नोंदविणाऱ्याने व्ही ९० कार्डावर पैसा घालणे निरर्थक आहे.

एक तांत्रिक बाब भाषाभ्यासकाने मुद्दाम जाणून घ्यावी. ३२ गिगाबाइटपर्यंतच्या कार्डांवर जी मांडणी वापरली जाते, तीत एक फाइल ४ गिगाबाइटहून मोठी होऊ शकत नाही. ५० मेगाबिटांच्या चित्रणात ही मर्यादा सुमारे साडेअकरा मिनिटांत येते आणि कॅमेरा पुढची फाइल उघडतो. तासाभराची कथा अशा पाच-सहा तुकड्यांत विभागली गेली, तर त्यांचा क्रम टिपणवहीत त्याच दिवशी नोंदला पाहिजे. एसडीएक्ससी कार्डावरील मांडणीत फाइलवर ही मर्यादा नसते.

५

एवढे झाल्यावर मुख्य प्रश्न उरतो तो विश्वासाचा. कार्डामध्ये माहिती म्हणजे विद्युत्‌रोधक थरांनी वेढलेल्या सूक्ष्म कप्प्यांत कोंडलेला विद्युत्‌भार. प्रत्येक वेळी पुसताना आणि लिहिताना त्या थरांची थोडी झीज होते. आणि न वापरता ठेवलेल्या कार्डातूनही भार हळूहळू गळतो, उष्णतेत अधिक वेगाने. एकाच कप्प्यात अधिक बिट कोंडून कार्ड स्वस्त व मोठे करण्याची जी पद्धत रूढ झाली आहे, तीत भाराच्या पातळ्यांमधील अंतर कमी होते आणि चुकीचा संभव वाढतो. तात्पर्य, मेमरी कार्ड ही वाहून नेण्याची वस्तू आहे, साठवून ठेवण्याची नव्हे. अठ्ठावीस वर्षे खणात पडून राहिलेली चिठ्ठी वाचता आली, म्हणून तितकीच वर्षे खणात ठेवलेले कार्डही वाचता येईल, असे कोणी समजू नये.

बनावट कार्डांचा धोका याहून वेगळा आहे. अशा कार्डात खरी जागा थोडी असते, पण ते यंत्राला मोठी सांगते. खरी जागा भरल्यावरही कॅमेरा बिनतक्रार लिहीत राहतो. फाइलींची नावे दिसतात, आतील मजकूर मात्र नष्ट झालेला असतो. हे कार्ड रिकामे असताना ओळखू येत नाही. म्हणून नवे कार्ड क्षेत्रात नेण्यापूर्वी संगणकावर पूर्ण भरून पुन्हा वाचून पाहावे. त्यासाठी विनामूल्य साधने उपलब्ध आहेत. त्यानंतर ते ज्या कॅमेऱ्यात वापरावयाचे त्याच कॅमेऱ्यात नव्याने फॉरमॅट करावे.

एक मोठे कार्ड घ्यावे की अनेक लहान, या वादातही इतिहासाची साक्ष उपयोगी पडते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि मुठेच्या काठच्या पेठांत घरोघरचे कागद व ग्रंथसंग्रह पाण्याखाली गेले. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील आगीत जुन्या नायट्रेट चित्रफिती नष्ट झाल्या. दोन्ही प्रसंगी जी वस्तू एकाच ठिकाणी, एकाच प्रतीत होती, ती परत मिळाली नाही. १२८ गिगाबाइटच्या एका कार्डाऐवजी ३२ गिगाबाइटची चार कार्डे घेतल्यास एकाच्या बिघाडाने सर्व दौरा वाया जात नाही. कॅमेऱ्यात दोन खाचा असतील तर दोन्ही कार्डांवर एकाच वेळी नोंद होऊ द्यावी. यंत्रात पूर्ण आकाराचे एसडी कार्ड बसत असेल तर सूक्ष्म आकाराच्या कार्डापेक्षा तेच श्रेयस्कर. ते हरवत नाही, त्यावर लिहिता येते आणि त्याच्या कडेस लेखन रोखणारी खिटी असते. भरलेल्या कार्डाची खिटी तत्काळ सरकविणे, त्याच रात्री त्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या साधनांवर करणे, चेकसम काढून मूळ आणि प्रत तंतोतंत जुळतात याची खात्री करणे, आणि ती होईपर्यंत कार्ड न पुसणे, हा क्रम मोडू नये. दोन प्रती एकाच पिशवीत ठेवल्या तर त्या एकच प्रत समजाव्यात.

या विषयाची आणखी एक बाजू आहे. कार्डावरून फाइल काढून टाकली तरी तिचा मजकूर त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत बव्हंशी शिल्लक राहतो आणि साध्या साधनांनी परत मिळविता येतो. भाषक बोलता बोलता घरातील भांडण, जमिनीचा तंटा, शेजाऱ्याविषयीचे मत सांगून जातो आणि मागाहून तेवढा भाग पुसण्याची विनंती करतो. ती विनंती कॅमेऱ्यावरील एका कळीने पुरी होत नाही. असे कार्ड दुसऱ्याला देणे वा विकणे म्हणजे त्या माणसाच्या विश्वासाचा भंग होय. संशोधनाची कार्डे संशोधनापुरतीच राखून ठेवावीत, याचे हे एक कारण आहे.

६

वरील विवेचनावरून योग्य कार्ड कोणते, याचे उत्तर एका नावाने वा एका आकड्याने देता येत नाही हे दिसून येईल. ते पुराव्याच्या स्वरूपावर अवलंबून आहे : केवळ ध्वनी हवा की चित्रही, किती तास, कोणत्या यंत्रावर, आणि प्रत करण्याची सोय किती दिवसांनी मिळणार. या चार प्रश्नांची उत्तरे प्रश्नावली तयार करतानाच लिहून काढावीत, कारण तीही पद्धतीचीच अंगे आहेत. ध्वनिमुद्रणाच्या बहुतेक कामास प्रसिद्ध उत्पादकाची, अधिकृत विक्रेत्याकडून घेतलेली, तपासून पाहिलेली ३२ गिगाबाइटची चार-सहा कार्डे पुरतात. चित्रणास त्यांच्या जोडीला व्ही ३० वर्गाची मोठी कार्डे लागतात. यासाठी होणारा खर्च प्रवासखर्चाच्या मानाने अल्प असतो.

ग्रिअर्सन यांच्या काळी तीन मिनिटांची मर्यादा यंत्राने घातली होती आणि तिला इलाज नव्हता. आज धारकतेची अडचण संपली आहे. जे हरवेल ते आता बहुतांशी निष्काळजीपणाने हरवेल. संस्कृत महाकोशातील एखादी चिठ्ठी गहाळ झाली, तर मूळ ग्रंथ उघडून ती पुन्हा लिहिता येते. जळगाव जामोदच्या एखाद्या वृद्ध निहाली भाषकाने एका संध्याकाळी सांगितलेली गोष्ट कार्डाबरोबर गेली, तर ती उघडून पाहण्यासाठी दुसरा ग्रंथ नाही. आणि पुढच्या दौऱ्यात तो भाषक भेटेलच अशी खात्री कोणी देऊ शकत नाही.